पहिलं पाऊण मिनिट

त्या गल्लीत त्याला नावाने कुणी ओळखत नाही. नवं गिऱ्हाईक "कवळ्या करून देणारे कुठे राहतात हो?" असं विचारत येतं, आणि कोपऱ्यावरचा सायकलवाला पंक्चर काढता काढता, मान वर न करता सांगतो, "हातनको का? तिसरं दार. आत गेलात तर हात तेवढे खिशात ठेवा."

हे नाव त्याने स्वतःच कमावलेलं. पुढच्या खोलीत त्याचं कवळ्यांचं काम चालतं, आणि मधलं दार ओलांडलं की आतल्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत जुन्या तबकड्या उभ्या. लाखेच्या, काळ्या, जड, पडल्या की कपबशीसारख्या फुटणाऱ्या. कुणी आत डोकावून नुसतं "बघू" म्हणत एक बोट जरी पुढे केलं, की हा हातातलं काम टाकून ओरडणार, "हात नको, हात नको!" पाहुणे, मेव्हणे, मीटरचा आकडा घ्यायला येणारा माणूस, सगळ्यांना एकच मंत्र. मुलगी रांगायला लागली तेव्हा त्याने त्या दारात गुडघाभर उंचीची फळी ठोकली. मुलगी आता दोन पोरांची आई झाली, दुसऱ्या गावी नोकरी करते. फळी अजून तिथेच आहे. बायको रोज तिच्यावरून टांग टाकून जाते आणि रोज एकदा तरी पुटपुटते.

माणूस मुळात भित्रा. ही काही त्याची बदनामी नव्हे, तो स्वतःच सांगतो. उन्हाला भितो, कारण उन्हाने तबकडी वाकते. धुळीला भितो, कारण धुळीने खाच झिजते. कवळीचं माप घेताना गिऱ्हाईक खोकलं तरी हा दोन पावलं मागे सरतो. बायको शाळेत गणित शिकवते, बोलायला फटकळ. ती म्हणते, "लोक आनंदासाठी गाणी ऐकतात. आमच्याकडे घाबरण्यासाठी ऐकतात."

पण तसं नव्हतं हो. एकोणीस वर्षांचा असताना तो एका म्हाताऱ्या कवळीवाल्याच्या हाताखाली कवळ्यांचे दात घासून गुळगुळीत करायचा. मोटर दिवसभर घरघर करायची. एक दिवस म्हाताऱ्याने काही न बोलता मोटर बंद केली आणि कोपऱ्यातल्या ग्रामोफोनवर एक तबकडी लावली. खाणीत दगड फोडणाऱ्या लोकांची कधीची जुनी धून कुठल्याशा जाझवाल्यांनी उचलून वाजवली होती. आधी एक कॉर्नेट, म्हणजे तुतारीसारखं छोटं वाद्य, हळूच तक्रार सुरू करतं, मग दुसरं वाद्य त्याची समजूत काढतं, आणि बघता बघता सगळा बँड त्या तक्रारीवर नाचायला लागतो. पोराच्या हातातला दात खाली पडला. म्हातारा म्हणाला, "दात उचल. गाणं कुठे जात नाही." तेवढं एकच वाक्य म्हाताऱ्याचं चुकलं. गाणं जातं. याला ते पुढे कळलं.

त्या दिवसापासून एकतीस वर्षं त्याने जुन्या धुना गोळा केल्या. मेंढपाळांच्या, होडीवाल्यांच्या, विणकरांच्या, आणि त्या धुना घेऊन शहरात आलेल्या बँडवाल्यांच्या. त्याच्याकडे एक जाडजूड वही आहे. त्यात त्याने धुनांची नाती लावलेली आहेत. ही अंगाई त्या नाचाच्या धुनेची सख्खी मावशी. हे होडीवाल्यांचं गाणं आणि ते कैद्यांचं गाणं चुलत भाऊ, आता बोलणं नाही एकमेकांत, पण नाक तेच. एखाद्या धुनेचं नातं सापडलं की तो स्वयंपाकघरात धावत जायचा, "अगं, आत्या सापडली!" आणि बायको म्हणायची, "बरं झालं. राहायला नको येऊ देत म्हणजे झालं."

तर अशा या माणसाकडे एका सोमवारी सकाळी एक म्हातारी आली.

ब्याऐंशी वर्षांची. काडीसारखी, पण पाठ ताठ. उभा जन्म हातमोज्यांच्या कारखान्यात शिवण मारलेली, त्यामुळे बोटं अजून चपळ. तोंडात वरचा एकही दात नाही. खुर्चीत बसताच म्हणाली, "खाण्याचं मला काही नाही रे. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, हे सगळ्यांचंच आहे. मला शीळ घालता आली पाहिजे. दात गेल्यापासून नुसता वारा जातो."

तो हसला. एकतीस वर्षांत कुणी अशी मागणी केली नव्हती. त्याने गंमत म्हणून तिच्या कार्डावर लिहिलं, 'शीळ'.

मापाचा लगदा तोंडात घातला की पाच मिनिटं बोलता येत नाही. आत ग्रामोफोनवर तबकडी चालू होती. म्हातारी तोंड मिटून बसली होती आणि तिची दहाही बोटं खुर्चीच्या हातावर हलत होती. ठेका धरत नव्हती ती. एकेक बोट उचललं जात होतं, दाबलं जात होतं. त्याच्या लक्षात आलं, बाई क्लॅरिनेटची भोकं दाबतेय.

माप निघालं तशी ती म्हणाली, "हा बरा वाजवतो. पण आमचा दादा याच्याहून बरा वाजवायचा."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. एका हॉटेलच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. घरात वाद्य एकच, म्हणून सराव करताना बहिणीने शिळेवर दुसरी बाजू धरायची. आई कपडे धुताना गुणगुणायची ती एक गावाकडची धून त्याने बँडला शिकवली आणि बँडने ती तबकडीवर घातली. पुढच्याच हिवाळ्यात दादा छातीच्या आजाराने गेला. कंपनी बुडाली. तबकडी राहिली ती एक, बहिणीकडे, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली.

"सुरुवात त्याची एकट्याची आहे," ती म्हणाली. "पहिलं पाऊण मिनिट दुसरं कुणी नाही. मग बाकीचे येतात आणि त्याला कोंडाळ्यात घेतात. घरचं ग्रामोफोनचं मशीन विकलं गेलं त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. तेव्हापासून ऐकलं नाही. कुणाच्या हातात द्यायची भीती वाटायची."

"मावशी, तेच बरं केलंत," तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला.

"सायकलवाला म्हणत होता, तू कुणाला हात लावू देत नाहीस म्हणून. मग म्हटलं, हा माणूस बरा."

आणि दुपारी ती तबकडी घेऊन परत आली. अभ्रा त्याच्या हातात देताना दोन क्षण तिची बोटं सुटत नव्हती. "गुरुवारी दातांची चाचणी आहे ना? तेव्हा ऐकव. घाई नाही. पंचेचाळीस वर्षं थांबलेय, तीन दिवसांनी काय होतंय!"

ती गेली. त्याने दार लावून घेतलं आणि अभ्रा उघडला. तबकडीवर धुळीचा आणि बुरशीचा करडा थर होता. अशी तबकडी तशीच लावली तर सुई ती घाण खाचेत घासते आणि आवाज खरवडून निघतो. आधी पुसायची, मग लावायची. हा त्याचाच नियम, दहा जणांना शिकवलेला. आणि दुसरा नियम त्याहून मोठा, आतल्या खोलीत भिंतीवर लाल शाईने लिहिलेला: लाखेच्या तबकडीला साबणाचं कोमट पाणी चालतं, स्पिरिट कधीही नाही. स्पिरिटमध्ये लाख विरघळते.

तबकड्या तो नेहमी आत पुसतो. टेबलावर उजव्या हाताला साबणाच्या पाण्याची बाटली. पण त्या दिवशी आत जायचं तर फळी ओलांडायला हवी. मागच्या पावसाळ्यात त्याच फळीत पाय अडकून तो पडला होता. हातात सुदैवाने चहाचा रिकामा कप होता. आता हातात ही असेल आणि पाय अडकला तर? नुसत्या विचारानेच त्याची पाचावर धारण बसली. त्यापेक्षा इथेच बरं, कामाच्या टेबलावर. उजेड चांगला, खाली मऊ कापड. एक पाऊलसुद्धा चालायला नको.

कामाच्या टेबलावरही उजव्या हाताला बाटली असते. मेण वितळवायच्या दिव्यासाठी आणि दात पुसण्यासाठी. स्पिरिटची. दिवसातून पन्नास वेळा त्याचा हात न बघता तिकडे जातो, बोळा भिजवतो, पुसतो. वासाचं म्हणाल तर त्या खोलीला दुसरा वासच नाही. त्याचं नाक त्या वासाला कधीच मेलेलं.

त्याने डाव्या हाताच्या पंज्यावर तबकडी तोलली, उजव्या हाताने बोळा भिजवला आणि बाहेरच्या कडेपासून, खाचेच्या दिशेने, एकदम हलक्या हाताने गोल फिरवायला सुरुवात केली. मनात दुसरंच चाललं होतं. आईची कपडे धुण्याची धून म्हणजे कुणाची कोण असेल? विणकरांकडची असेल का? बोळा काळा झाला. केवढी घाण, त्याने मनात म्हटलं, आणि बोळा उलटा करून फेरा पुरा केला.

मग त्याला बोळ्याची काळी ओल दिसली. धूळ करडी असते. ही काळी होती, तुकतुकीत, चिकट.

त्याने बाटलीकडे बघितलं.

तबकडी त्याने कापडावर ठेवली आणि तो मागच्या स्टुलावर बसला. बाहेरच्या कडेपासून आत बोटभर रुंदीचा एक पट्टा, संपूर्ण गोल, मंद झाला होता. आतला भाग काळाभोर चकाकत होता आणि कडेचा भाग तव्याच्या बुडासारखा. बोटभर म्हणजे किती? त्याला मोजायची गरज नव्हती. बोटभर म्हणजे पाऊण मिनिट. नेमकं पहिलं.

उजवा हात त्याने मांडीखाली दाबून धरला. एकतीस वर्षं सगळ्या जगाच्या हातांना भ्यायला होता तो. स्वतःच्या हाताला भ्यायचं तेवढं राहून गेलं होतं.

संध्याकाळी बायको शाळेतून आली तर मोटर बंद, ग्रामोफोन बंद. "कोण गेलं?" तिने विचारलं. त्याने टेबलाकडे बोट दाखवलं. तिला तबकड्यांतलं फारसं कळत नाही, पण भिंतीवरचं लाल अक्षर रोज वाचलेलं. बोळा, बाटली आणि नवऱ्याचा चेहरा, एवढ्यात तिला सगळं समजलं. एरवी चार टोमणे मारणारी बाई, पण खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसली.

"लावून बघितलीत?" तिने विचारलं.

"नाही."

"अहो, मग कशावरून सगळंच गेलं? खाली काहीतरी उरलं असेल."

"लावली आणि काही नसलं तर?" तो म्हणाला. "लावली नाही तोपर्यंत गेलेलं नाही."

हे वेड्यासारखं आहे हे त्यालाही कळत होतं. पण भीतीला कुठे अक्कल असते? मंगळवारी त्याने एक कवळी केली, ती उलट्या बाजूने बसवली. बुधवारी दारावर टकटक झाली की याच्या तोंडचं पाणी पळायचं. म्हातारी लवकर तर आली नाही? दुकानात जायचं म्हटलं तर सायकलवाल्यासमोरून जावं लागणार, म्हणून गेला नाही. अन्न घशाखाली उतरेना. डोळ्यांसमोर सारखी तिची बोटं यायची, अभ्र्यावरून न सुटणारी.

आणि बुधवारी दुपारी त्याला ती सापडली. आतल्या खोलीत, वरून दुसऱ्या कप्प्यात. लेबलवर धुनेचं तेच नाव असलेली दुसरी तबकडी. त्याने वहीत 'कोण कुठली, नातं अज्ञात' असं लिहून ठेवलेली. दुसऱ्या शहरातला दुसरा बँड, दहाएक वर्षांनंतरचा, पण सुरुवात क्लॅरिनेटचीच, एकट्याची. त्याने ती लावली. छान होती. खरखर कमी. वाजवणारा तयारीचा.

म्हातारीला दिसतं कमी. ऐकून पंचेचाळीस वर्षं झाली. अभ्र्यातून तिची तबकडी काढल्यासारखं करायचं, मशीनवर ही ठेवायची. ती ऐकेल, रडेल, आनंदाने घरी जाईल. तिच्याकडे तर मशीनही नाही. कुणाला कळणार आहे? तिचंही भलं, याचंही भलं. हा विचार डोक्यात आला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला भूक लागली.

बायको शाळेतून येऊन दारात उभी होती. केव्हापासून, कुणास ठाऊक.

"ही त्यांची नाही," ती म्हणाली.

"नाही."

"पोरांचं गणित चुकतं ना, तेव्हा मी रीतीचे गुण देते," ती शांतपणे म्हणाली. "पण शेजारच्याचं उत्तर चोरून लिहिलं असलं तर शून्य. मग ते उत्तर बरोबर असलं तरी."

"अगं, ती मरेल हे ऐकून! ब्याऐंशीची आहे."

"तुम्हाला त्या मरतील याची भीती नाही. त्या तुमच्याकडे बघतील याची आहे."

त्याने ती दुसरी तबकडी पुन्हा वर ठेवून दिली. भूक गेली ती गेलीच.

गुरुवारी म्हातारी दहाच्या ठोक्याला आली. केस नीट विंचरलेले, इस्त्रीचे कपडे, जणू काही ती दादालाच भेटायला आली होती. चाचणीसाठी गुलाबी मेणात दात लावून ठेवले होते. ते तिच्या तोंडात बसवायला तो वाकला आणि बोट नको तिथे लागून पुढचा दात मेणातून सुटून तिच्या मांडीवर पडला.

"काय रे, बरं नाही का तुला?"

मेणाचे दात त्याने ताटलीत ठेवले. सांगायला त्याने तीन दिवस वाक्यं जुळवली होती. ती सगळी पळाली. "मावशी," तो म्हणाला, "मी तुमची तबकडी बिघडवली. स्पिरिटने पुसली. मला माहीत होतं पुसू नये, तरी पुसली. सुरुवातीचा भाग गेला असेल. तुमच्या दादांचा." आणि बोलता बोलता तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

म्हातारीने मांडीवरचा दात उचलून ताटलीत ठेवला. बाहेर सायकलवाला हवा भरत होता.

"असेल म्हणजे?" ती म्हणाली. "बघितलं नाहीस?"

"धीर झाला नाही."

"लाव."

"मावशी..."

"लाव म्हणते ना!"

ती स्वतः उठली, फळी ओलांडून आत गेली. ब्याऐंशीची बाई, कुणाचा हात न धरता. तो मागोमाग गेला, तबकडी छातीशी धरून, एकेक पाऊल मोजत. मशीनवर ठेवली. सुई टेकवली.

खरखर. तेलात काहीतरी पडावं तशी जाड, एकसारखी खरखर. दोघंही पुढे वाकले. त्याने सगळा जीव कानात आणला. त्या खरखरीखाली कुठेतरी, एखादा तरी सूर? काही नाही. म्हातारीची बोटं गुडघ्यावर उचलली गेली, पण दाबली गेली नाहीत. तशीच वर राहिली, कशाची तरी वाट बघत. मग एकाएकी, कुणी दार उघडावं तसा, खणखणीत ढोल वाजला आणि सगळा बँड आत आला. स्वच्छ, आनंदी, भरगच्च. दादा आता त्या गर्दीत कुठेतरी होता, पण पाच वाद्यांत एक.

संपलं. त्याने सुई उचलली. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत नव्हती.

"गेला," ती म्हणाली. "कुंपणानेच शेत खाल्लं की रे."

"मावशी, मला माफ..."

"माफबिफ मी करणार नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "मला राग आलाय. तो जाईल असं वाटत नाही. पंचेचाळीस वर्षं कुणाच्या हातात दिली नाही, आणि दिली ती तुझ्या." तिने पदराने चेहरा पुसला, बाहेर आली आणि पुन्हा खुर्चीत बसली. "पण सांगितलंस. दुसरा असता तर दुसरीच काहीतरी वाजवून दाखवली असती."

तो चपापला. आत स्वयंपाकघरात, त्या दिवशी रजा टाकून थांबलेल्या बायकोने भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"दात बसव," ती म्हणाली.

त्याने सुटलेला दात मेणात लावला आणि मेणाची कवळी तिच्या तोंडात बसवली. तिने ओठ पुढे काढले आणि फुंकर मारली. नुसता वारा. "पुढचे फार पुढे आलेत," ती म्हणाली. "हे दाखवायचे दात झाले. मला वाजवायचे पाहिजेत."

"मावशी, तुम्हाला ते येतं? तो पहिला भाग? अजून?"

"ती धून त्याने माझ्या शिळेवर बसवली," ती म्हणाली. "मला नाही येणार तर कुणाला येणार?"

त्या क्षणी दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली असणार. तो दिवा पेटवायला वळला, मेण तापवलं आणि दात केसभर आत घेतले. तिने फुंकर मारली. अजून थोडे. मग डावीकडचा एक किंचित तिरका, कारण तिचे मूळचे तसेच होते. तास गेला. दर वेळी तो बाटलीकडे बघून, तिच्यावरचं नाव वाचून, मगच हात पुढे करत होता. शेवटी वाऱ्यातून एक बारीकसा सूर निघाला, चहाच्या किटलीसारखा. म्हातारी थांबली. दात गेल्यापासून तिने तो पहिल्यांदाच ऐकला होता.

पक्की कवळी पुढच्या मंगळवारची ठरली. मधले चार दिवस तो काय जगला ते त्याचं त्यालाच माहीत. आता नवी भीती. ती पायऱ्यांवरून पडली तर? रागावून आलीच नाही तर? पक्की करायला पाण्यात शिजवताना कवळी केसभर वाकली तर? आणि सगळं नीट झालं तरी शेवटचं काम त्याच्याच हाताला करायचं होतं, उजव्या. गेलेल्या पाऊण मिनिटाच्या जागी तिची शीळ, आणि ती संपेल त्याच क्षणी सुई चांगल्या भागाच्या बरोबर सुरुवातीला टेकायला हवी. ठोकाभर लवकर टेकली तर खरखर, ठोकाभर उशीर झाला तर ढोल निघून गेलेला. मशीनच्या फिरत्या थाळीवर त्याने गुलाबी मेणाचा एक ठिपका लावला. ठिपका समोर येताच सुई टेकली की लगेच ढोल. दुसऱ्या, फालतू तबकड्यांवर त्याने सुई टेकवण्याचा इतका सराव केला की बायको म्हणाली, "आता स्वप्नात माझ्या कपाळावर टेकवू नका म्हणजे झालं."

मंगळवारी म्हातारी आली. जेवढ्यास तेवढं बोलली. कवळी बसवली. तिने जिभेने चाचपली, पाणी मागितलं, प्यायली. फळी ओलांडून तिघंही आत गेले. बायकोने मुलीने दिलेला फोन रेकॉर्डिंगला लावून मशीनशेजारी ठेवला आणि तोंडावर हात धरून कोपऱ्यात उभी राहिली.

"मशीन जरा सावकाश कर," म्हातारी म्हणाली. "आता माझा दम तेवढा नाही. दादाला माझ्याबरोबर यावं लागेल." त्याने वेगाचा खटका किंचित मागे घेतला. थाळी फिरू लागली.

तिने डोळे मिटले आणि शीळ सुरू केली.

पहिले दोन सूर फुटके निघाले. मग आवाज लागला. खालून वर चढणारी, मध्येच थबकणारी, ओल्या कपड्यांचं ओझं डोक्यावर घेऊन चढण चढावी तशी धून. तिची बोटं हवेत भोकं दाबत होती. आणि एका ठिकाणी, जिथे थांबायचं काही कारण नव्हतं, ती थांबली आणि छातीत खोल श्वास घेतला. तो तिचा श्वास नव्हता, दादाचा होता. दादाचं छातीचं दुखणं तिथून सुरू होत होतं, ते तिने इतकी वर्षं जसंच्या तसं ठेवलं होतं.

त्याने सुईचा दांडा उचलून धरला होता. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट पकडलं होतं. वहीतलं एकही नातं त्या वेळी त्याला आठवलं नसतं. ठिपका समोरून गरागरा जात होता. म्हातारी वरच्या सुराला पोचली, तो लांबवला, लांबवला, दम संपत आला, आवाज कापायला लागला. ठिपका पुन्हा येत होता. देवा, एवढ्या एका वेळी, त्याने मनात म्हटलं, एवढ्या एका वेळी हात नीट जाऊ दे.

सुई टेकली.

ढोल वाजला. तिचा सूर अजून खोलीत होता आणि तेवढ्यात बँड येऊन त्याला कोंडाळ्यात घेऊन निघाला. म्हातारीने डोळे उघडले नाहीत. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, नव्याकोऱ्या दातांनी, डावीकडचा एक किंचित तिरका.

बँड थांबला. सुई शेवटच्या रिकाम्या खाचेत फिरत राहिली. सूं, सूं. ती अशी फिरू दिली तर सुई झिजते, तबकडीही झिजते. सवयीने त्याचा हात पुढे झाला.

"हात नको," म्हातारी म्हणाली. "राहू दे जरा."

त्याने हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून बसून राहिला.